तांब्या इंजिनावर, फुलपात्र डॅशबोर्डवर

शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४. दसरा. स्थळ: खानोलकरकाकांचं गॅरेज, ट्रॉय, मिशिगन. सकाळची वेळ, हवा कोरडी आणि गार. दसरा खुद्द शनिवारी आल्यामुळे तो पुढे-मागे सरकवावा लागला नाही, याचा सगळ्यांना आनंद होता.

हजर माणसं: खानोलकरकाका, ऐंशीला टेकलेले, निवृत्त इंजिन डिझायनर. शैलाकाकू. पराग, माझ्याच कंपनीतला, माझ्याहून बराच लहान. माझा नवरा हेमंत, दातांचा डॉक्टर. आमची मुलगी रेवा, फोनसकट. आणि मी, मीनल. मोटारीचं इंजिन ज्या रबरांवर टेकलेलं असतं, त्या रबरांवर मी अर्धं आयुष्य काम केलं आहे.

हजर गाड्या: काकांची १९७६ सालची आमसुली रंगाची सेडान, आमच्या पहिल्या अपार्टमेंटच्या हॉलपेक्षा लांब. माझी जुनी आठ सिलिंडरवाली. हेमंतची चार सिलिंडरची टर्बो. परागची इलेक्ट्रिक. चारही गाड्या अमेरिकन, चारही आपापल्या काळात आलिशान म्हणून विकल्या गेलेल्या.

दसऱ्याला इथं सगळेच गाडीची पूजा करतात. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार. काकांकडे त्यात एक भर असते. गाडी चालू करायची, बॉनेट उघडायचं आणि पाण्यानं भरलेला तांब्या चालत्या इंजिनावर ठेवायचा. पाण्यात झेंडूची एक पाकळी. मग काका चष्मा कपाळावर सरकवून वाकतात आणि पाणी बघतात. पाणी स्थिर असेल तर म्हणतात, "निवांत आहे." थोड्या लहरी असतील तर "जरा कावरीबावरी." एका वर्षी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या खजिनदारांच्या नव्या गाडीला ते म्हणाले, "हिला डॉक्टरकडे न्या," आणि खजिनदार पुढच्या दसऱ्याला आलेच नाहीत.

ही परीक्षा मला पहिल्यापासून अन्यायाची वाटत होती. थोडं तांत्रिक सांगते, लवकर संपवते. इंजिन म्हणजे आत सतत होणारे छोटे स्फोट. ते हलणारच. काकांच्या पिढीनं ते स्वतःच कमी हलेल असं बनवलं: आठ सिलिंडर, अवाढव्य आकार, ओतीव लोखंडाचं वजन. आमच्या पिढीला तेवढं लोखंड वापरायची परवानगी नव्हती. इंजिन हललं तरी चालेल, पण ती थरथर सीटवर बसलेल्या माणसापर्यंत पोचता कामा नये, हे आमचं काम. इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये रबराचे ठोकळे असतात, त्यांना माउंट म्हणतात. थरथर तिथंच जिरवायची. म्हणून मी काकांना म्हटलं, "इंजिनावरचा तांब्या तुमची परीक्षा आहे. माझी घ्यायची असेल तर डॅशबोर्डवर काहीतरी ठेवा."

काका म्हणाले, "शैला, फुलपात्र आण."

तेव्हापासून तांब्या इंजिनावर आणि फुलपात्र डॅशबोर्डवर.

या लेखात मला कामाच्या काही आठवणी सांगायच्या आहेत, पण एक गोष्ट आधी सांगून टाकते. या धंद्यात मला सगळ्यात जास्त काय वाटत आलं असेल, तर हेवा. संपादकांनी 'समाधान' हा शब्द सुचवला होता. तो बसत नाही.

पहिला हेवा काकांचा. ते कंपनीत लागले तेव्हा आलिशान गाडी म्हणजे मोठं इंजिन, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. त्यांच्या सेडानचं इंजिन आठ लिटरच्या वर आहे. हेमंतच्या गाडीचं दोन लिटरचं. काका सांगतात, ड्रॉइंग बोर्डवर त्या इंजिनाचा आराखडा पूर्ण आकारात काढायचा तर कागदाला कागद जोडावा लागे. पुढे धुराचे नियम आले, शिशाचं पेट्रोल गेलं, तेलाची टंचाई झाली. इंजिनाचा आकार तसाच राहिला, पण ताकद निम्म्यावर आली. "हत्तीला उपास घडवला रे आम्ही," काका म्हणतात. मग गाड्या आखूड झाल्या, इंजिनं आडवी बसली, इंजिनाचं बळ पुढच्या चाकांकडे गेलं. ऐंशीच्या दशकातल्या काही आलिशान गाड्यांबद्दल काका बोलतच नाहीत. काकू बोलतात. "तेव्हा हे घरी येऊन नुसते भांडी घासायचे," त्या म्हणतात. "विचारलं तर सांगायचे, इथं निदान काहीतरी चकचकीत होतं."

एवढं सोसूनही मला त्यांचा हेवा वाटतो. त्यांनी इंजिन बनवलं. मी त्याच्याखाली उशा ठेवल्या.

मी नोकरीला लागले नव्वदच्या दशकाच्या शेवटी. अमेरिकन आलिशान गाड्यांना तेव्हा जर्मन आणि जपानी गाड्यांनी घाम फोडला होता. उत्तर म्हणून आमच्याकडे नवं आठ सिलिंडरचं, म्हणजे व्ही-एट, इंजिन होतं: ॲल्युमिनियमचं, हलकं, जास्त व्हॉल्व्हचं, गुळगुळीत. माझी जुनी गाडी त्याच इंजिनाची. तिच्या माउंटवर माझं पहिलं खरं काम झालं. दसऱ्याला काकांनी तांब्या पाहिला, मग आत बसून फुलपात्र पाहिलं. पुन्हा वाकून पाहिलं. मग विचारलं, "गाडी चालू आहे ना?" माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं बक्षीस तेच. बाकी, कंपनीनं दिलेल्या सगळ्या लाकडी पाट्या तळघरात आहेत.

पुढची अडचण आली पेट्रोल वाचवण्यातून. आठ सिलिंडरचं इंजिन हवं, पण पेट्रोल चार सिलिंडरचं जळावं, अशी सगळ्यांची इच्छा. म्हणून गाडी रमतगमत चालली असेल तेव्हा आठपैकी चार सिलिंडर झोपवायचे, गरज पडली की उठवायचे. ही कल्पना ऐंशीच्या दशकातही येऊन फसली होती, कारण त्या काळचा संगणक तेवढा चपळ नव्हता. आमच्या वेळी चपळ होता. पण चार सिलिंडर झोपले की उरलेल्या चारांचे धक्के मोठे होतात आणि गाडीत एक खोल गुणगुण सुरू होते.

तेव्हा ओहायोमधून एका गृहस्थांची तक्रार आली. त्यांचा अंत्यविधीचा व्यवसाय. शवपेटीच्या मागून नातेवाइकांना घेऊन जाणाऱ्या लांब गाड्या आमच्या इंजिनाच्या होत्या. अंत्ययात्रा संथ, एकाच गतीनं चालते, आणि नेमक्या त्या गतीला इंजिनाला कळत नव्हतं की झोपावं की जागं राहावं. चार, आठ, चार, आठ. गृहस्थ फोनवर अगदी सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, माझ्या मागच्या सीटवरची माणसं आधीच थरथरत असतात. तुमच्या इंजिनानं त्यात भर घालू नये."

चाचणीच्या रस्त्यावर ती गुणगुण येईना. तिथं कुणी तसं चालवतच नव्हतं. शेवटी मीच गेले. मालकांनी मृताच्या मुलाची परवानगी घेतली होती, पण गाडीतल्या बाकीच्यांना ते माहीत नव्हतं. काळे कपडे, पर्समध्ये थरथर मोजायचं यंत्र, शेजारी एक वृद्ध बाई.

तिनं माझ्या हातात टिश्यू दिला. "तू फ्रँकला कुठून ओळखायचीस?"

"कामामुळे," मी म्हणाले. खोटं नव्हतं.

"हो. काम मात्र केलं त्यानं," ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं दारावर तळहात टेकवला. "बघ, गाडीसुद्धा हुंदके देते आहे."

ती गुणगुण मी यंत्रावर पाहिली आणि मांडीतही जाणवली. परत येऊन आम्ही माउंटचं रबर बदललं आणि त्या संथ गतीला सिलिंडर झोपवायचेच नाहीत असं ठरवून टाकलं. मालकांनी आभाराचं कार्ड पाठवलं. वर त्यांच्या संस्थेचं नाव आणि 'आम्ही सदैव तुमच्यासाठी तयार आहोत' हे वाक्य. हेमंतनं ते फ्रिजवर लावू दिलं नाही.

त्यानंतर आलिशान सेडानमध्ये दोन लिटरची चार सिलिंडरची टर्बो इंजिनं आली. ताकद काकांच्या हत्तीपेक्षा जास्त, पण चार सिलिंडर स्वभावानंच चुळबुळे. आम्ही पातळ द्रव भरलेले माउंट केले, थरथरीच्या उलट दिशेनं ढकलणारे माउंट केले, स्पीकरमधून उलटा आवाज सोडून इंजिनाचा आवाज मारला. माझ्या मते ते आमचं सर्वांत अवघड आणि सर्वांत चांगलं काम. ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. लक्षात येऊ नये हेच तर काम होतं. हेमंतच्या गाडीत तांब्यातलं पाणी खदखदतं आणि फुलपात्रातलं हलत नाही. मी दर वर्षी सगळ्यांना ते दाखवते, आणि दर वर्षी रेवा म्हणते, "आई, यू सेड धिस लास्ट यर."

आणि मग पराग आला.

इलेक्ट्रिक गाडी लाल दिव्यापाशी थांबली की मोटरही थांबते. थांबलेल्या वस्तूला थरथर कुठली? ज्यासाठी आमच्या अख्ख्या विभागानं केस पांढरे केले, ते या गाडीला जन्मतःच मिळालं. पण ती इतकी शांत निघाली की ग्राहक म्हणायला लागले, गाडीत जीव वाटत नाही. तेव्हा कंपनीनं गाडीला आवाज देण्यासाठी एक गट नेमला. त्याचा प्रमुख पराग. मूळचा नागपूरचा, बासरी वाजवणारा, सगळ्यांना हवाहवासा. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, जुन्या व्ही-एटची जी घरघर तुम्ही काढून टाकायचात ना, ती मला परत टाकायची आहे. कुठल्या कुठल्या भागांतून यायची, सांगाल?"

मी सगळं सांगितलं. आकृत्या काढून दिल्या, मोजमापं दिली.

वर्षभरानं मोठ्या सभागृहात त्यानं तो आवाज ऐकवला. सुंदर होता. गाडी वेग घेते तसा तो खालून वर चढत जायचा, आणि मध्ये कुठेतरी काकांचा हत्ती चालताना ऐकू यायचा. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आवाज काढून टाकल्याबद्दल माझ्यासाठी कधी कुणी उभं राहिलं नव्हतं. मग पराग माइकवर म्हणाला, "या आवाजाची हाडं मीनलताईंनी दिली आहेत." त्यानं तसं म्हणायला नको होतं. त्याच्यावर रागावणंही मग अवघड झालं.

तर असा तो दसरा. काका-काकू महिनाभरात मुलीकडे, टेक्सासला शुगर लँडला कायमचे राहायला जाणार होते. तिच्या गॅरेजात सेडान मावत नव्हती, मापं घेऊन झाली होती. गाडी इथंच कुणाला तरी द्यायची होती. मला कुणी शब्द दिला नव्हता, पण दुसरं कोण असणार? बारा वर्षं महिन्यातल्या एका शनिवारी मी त्या गाडीकडे जात होते. कार्बुरेटर, प्लग, पट्टे, नळ्या, सगळं मीच पाहिलं. मी आमचं गॅरेज रिकामं करून ठेवलं होतं. बर्फ काढायचं यंत्र शेडमध्ये गेलं होतं. हेमंतची टर्बो थंडीत बाहेर उभी राहणार होती, आणि तो त्याला तयार होता.

पूजा सुरू झाली. पराग त्याची गाडी पुढे घेऊन आला आणि पुढचं झाकण उघडलं. आत इंजिन नव्हतं. एक स्वच्छ रिकामा कप्पा, त्यात त्याच्या मुलीचे फुटबॉलचे बूट.

काकू हळद-कुंकवाचं तबक घेऊन उभ्या. "कुठं लावू?"

"चार्जिंगच्या भोकाला लावा," हेमंत म्हणाला.

"शॉक नाही ना बसणार?"

"काकू, बंद आहे," पराग म्हणाला.

"बंद कशी? हे तांब्या ठेवणार आहेत ना?"

"नाही, म्हणजे गाडी चालू आहे. पण तशी बंद आहे."

काकांनी तांब्या कप्प्याच्या कडेला ठेवला. पाणी आरशासारखं. फुलपात्रही तसंच. ते वाकले, पाहिलं, सरळ झाले. "हिला काय विचारायचं," ते म्हणाले. सगळे हसले. मी हसले नाही. काहीही न करता पहिला नंबर आला होता.

शेवटी सेडान. एअर क्लिनरच्या मोठ्या गोल झाकणावर, मधल्या नटाच्या बाजूला, काकांनी तांब्या टेकवला. निवांत. मी आत बसून फुलपात्र पाहिलं. पाण्यावर बारीक गोल लहरी, एकामागून एक, न थांबता. स्टिअरिंगला हात लावला, तिथंही तेच. मला लगेच कळलं. उजव्या बाजूचा माउंट बसला होता, रबर दबून लोखंडाला लोखंड लागायला आलं होतं. खिडकीतून पाहिलं तर काकाही फुलपात्राकडेच बघत होते.

मग सोनं वाटायचं. इथं आपटा नाही. काकू मागच्या अंगणातल्या रेडबड नावाच्या झाडाची पानं देतात. काकांनी एक पान आणि गाडीची किल्ली एकत्र धरली आणि परागच्या हातात दिली.

परागनं आधी माझ्याकडे पाहिलं. "काका, मीनलताई..."

"तिला मी नंतर समजावतो."

"आत्ताच समजवा," मी म्हणाले.

काका गॅरेजातल्या खुर्चीत बसले. "बारा वर्षांत तू ही किती चालवलीस?"

"दर वेळी. टेस्ट करायला."

"कोपऱ्यापर्यंत. कान लावून जायचीस आणि परत येऊन बॉनेट उघडायचीस. हा जूनमध्ये आम्हाला तलावापर्यंत घेऊन गेला. काचा खाली. सीटवर आइस्क्रीम सांडलं."

"ते मी पुसलं," काकू म्हणाल्या. "हे दोघं पाण्यात दगड मारत बसले."

त्या सहलीबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. "मला कुणी बोलावलं नाही," मी म्हणाले. बावन्न वर्षांच्या बाईनं म्हणायचं वाक्य नव्हतं ते.

"तू शनिवारी येतेस, मीनल," काकू हळूच म्हणाल्या. "आम्ही रविवारी गेलो."

"तू तिला बरी करत बसशील," काका म्हणाले. "माझी बरी करायची हौस फिटली. आता तिला जरा फिरू दे." मग थोडं थांबून म्हणाले, "उजवा माउंट गेलाय. तो तूच बघ. बाकी कुणाच्या हातात देऊ नको."

"बघते."

काकूंनी माझ्या हातात पान ठेवलं. "सवत एकदाची माझ्या घरातून गेली," त्या म्हणाल्या, "तर रडू तुला का येतंय?"

परत येताना रेवा माझ्या गाडीत मागे बसली. घराजवळ आल्यावर ती म्हणाली, "आई, यू आर सो जेलस ऑफ पराग काका."

"हो," मी म्हणाले. तिनं फोन खाली ठेवला. बहुधा नाही म्हणेन असं तिला वाटलं होतं.

माउंट मी त्याच आठवड्यात मागवला. जुन्या गाड्यांचे भाग नव्यानं बनवणारा एक कारखाना आहे, तिथून आला. रबर मी नखानं दाबून पाहिलं, चांगलं आहे. तेव्हापासून पराग दर रविवारी गाडी बाहेर काढतो. त्याच्या मुली मागच्या सीटवर, काचा खाली, थंडी असली तरी. मला व्हिडिओ पाठवतो. नोव्हेंबरात त्यानं विचारलं, "ताई, माउंटसाठी कधी येताय?" मी म्हटलं, थंडी जाऊ दे. मेमध्ये विचारलं. मी म्हटलं, कामाची गडबड आहे, आणि ती खरंच होती. आमच्या विभागाचे चार सिलिंडरच्या इंजिनाचे शेवटचे माउंट तेव्हा मंजूर झाले. आता तो विचारत नाही. मागच्या महिन्यात मात्र लिहिलं, "लाल दिव्याला थोडी थरथरते. मुलींना आवडतं. म्हणतात, ही जिवंत आहे."

शुगर लँडहून काकांचा फोन येतो. हवा किती दमट आहे, जावयाची गाडी किती कंटाळवाणी आहे, हे सांगून झालं की विचारतात, "बसवलास?"

"अजून नाही."

"चालवतोय ना तो?"

"हो. चालवतोय."

"मग ठीक," ते म्हणतात, आणि फोन काकूंना देतात.

काम अर्ध्या दिवसाचं आहे. इंजिनाखाली जॅक लावायचा, मधला लांब बोल्ट काढायचा, इंजिन बोटभर उचलायचं, जुना माउंट ओढून काढायचा, नवा सरकवायचा, बोल्ट घट्ट करायचे. दुपारच्या जेवणाआधी फुलपात्रातलं पाणी स्थिर होईल, आणि त्या गाडीत माझ्यासाठी करायचं काही उरणार नाही. दर रविवारी मी आठवड्याच्या कामांची यादी करते. त्यात ते काम लिहिते. बाकीची कामं होतात. माउंट गॅरेजातल्या फळीवर आहे, खोक्यात.